ट्रॅक-डेसाठी रस्त्यावरच्या गाडीचे ब्रेक कसे तयार करावेत : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

ट्रॅक-डे म्हणजे स्वतःची गाडी बंदिस्त रेस ट्रॅकवर वेगाने चालवण्याचा दिवस. नाशिकहून रेस ट्रॅकवर जायचे म्हटले की लांबचा प्रवास आलाच. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक, कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही तिन्ही ठिकाणे आपल्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहेत. तळेगावजवळच्या नाणोलीत ट्रॅक झाल्यापासून पुण्याच्या वाटेवर एक जवळचा पर्याय उपलब्ध झाला आहे. तरीही बहुतेकांची गाडी ट्रेलरवर चढून जात नाही. ती स्वतःच्या चाकांवर जाते, दिवसभर ट्रॅकवर धावते आणि त्याच ब्रेकवर आपल्याला घरी आणते. म्हणून येथे सांगितलेली तयारी रेसच्या गाडीची नाही. ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, मिनी कूपर एस किंवा बीएमडब्ल्यू एम३४०आय यांसारख्या, एरवी कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर चालणाऱ्या गाडीची ती तयारी आहे.

नवशिक्यांचे लक्ष बहुधा इंजिनाच्या ट्यूनिंगकडे, एक्झॉस्टकडे आणि मोठ्या अलॉय चाकांकडे असते. माझे मत स्पष्ट आहे : ब्रेक तयार होईपर्यंत या कशावरही एक रुपया खर्च करू नये. त्यातही आधी ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव), मग पॅड (डिस्कला घासून चाक आवरणारे तुकडे), मग डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) हा क्रम सोडू नये, कारण सर्वांत स्वस्त गोष्टच सर्वांत आधी दगा देते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या गतीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून ४० वर आणताना सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. हीच गाडी ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० वरून ८० वर आणताना हा आकडा पंधरा लाखांवर पोहोचतो. यातील साधारण ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असे धरले आणि पुढची प्रत्येक डिस्क दहा किलोची मानली, तर त्या एकाच ब्रेकिंगमध्ये डिस्कचे तापमान सुमारे ११० अंश सेल्सिअसने वाढते. डिस्क थंड होण्याआधी पुढचे वळण येते आणि हेच चक्र पंधरा-वीस मिनिटे अखंड चालू राहते. कसारा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध वापरून ब्रेकला विश्रांती देता येते, पण ट्रॅकवर वेग उतरवण्याचे जवळजवळ सगळे काम ब्रेककडेच राहते.

ही उष्णता दोन ठिकाणी घात करते आणि दोन्हींची लक्षणे वेगळी असतात. ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ होते आणि पायाखाली खोल जाऊ लागते. याउलट पॅड त्यांच्या सहनशक्तीपलीकडे तापले तर पेडल नेहमीसारखेच कडक राहते, पण कितीही जोर लावला तरी गाडी पूर्वीसारखी आवरत नाही आणि जळका वास येतो. पहिल्या प्रकारात नवीन पॅड टाकून काही साधत नाही, तर दुसऱ्यात महागडे ऑइल वाया जाते. ट्रॅकवर पेडलमध्ये थोडासा जरी बदल जाणवला, तरी वेग कमी करून, हात किंवा इंडिकेटर दाखवून ट्रॅकची कड धरावी आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परत यावे. आणखी एक फेरी मारून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

ब्रेक ऑइल

ग्लायकॉलपासून बनलेले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जसजसे पाणी मुरते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणूनच मानकांत प्रत्येक दर्जासाठी दोन किमान आकडे ठरवलेले आहेत, एक ताज्या ऑइलचा आणि दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑइलचा. डॉट ३ साठी ते २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. पावसाळ्याचे चार महिने त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला ये-जा करणाऱ्या आणि दोन-तीन वर्षे ऑइल न बदललेल्या गाडीत ताज्या ऑइलचा आकडा धरून चालणे ही स्वतःची फसवणूक आहे. रंग पाहूनही अंदाज बांधू नये, कारण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी पुरेसे मुरलेले असू शकते.

पहिल्या एक-दोन ट्रॅक-डेसाठी, मध्यम ताकदीच्या गाडीत, नामांकित कंपनीचे ताजे डॉट ४ किंवा डॉट ५.१ पुरते. गाडी जड असेल, इंजिन दोनशे अश्वशक्तीच्या पुढचे असेल किंवा चालकाचा हात बसलेला असेल, तर रेसिंगसाठी बनवलेले ऑइल घ्यावे. मोतुल आरबीएफ ६०० चा ताजा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, तर कॅस्ट्रॉल एसआरएफ ३२० अंशांपर्यंत जाते आणि पाणी मुरल्यावरही २७० अंशांपर्यंत टिकते, म्हणूनच त्याची किंमत इतकी जास्त असते. अशी ऑइल वर्षातून किमान एकदा आणि नियमित ट्रॅकवर जाणाऱ्यांनी त्याहून लवकर बदलावीत. डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचे वाटले तरी ते सिलिकॉनचे असते. ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळू नये आणि आपल्या गाड्यांत घालू नये. झाकण उघडून ठेवलेली जुनी बाटलीही वापरू नये.

ऑइल बदलण्याचे काम ट्रॅक-डेच्या आदल्या दिवशी न करता आठ-दहा दिवस आधी करावे, म्हणजे कुठे गळती राहिली असेल तर शहरातल्या चालवण्यात ती उघडकीस येते. संपूर्ण बदलासाठी साधारण एक लिटर ऑइल हाताशी ठेवावे. ब्रेक ऑइलच्या टाकीतील जुने ऑइल पिचकारीने काढून नवे भरावे आणि मग एकेका चाकाच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढावी. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबचे चाक सहसा मागचे डावे असते, म्हणून तेथून सुरुवात करून पुढच्या उजव्यापर्यंत यावे, मात्र गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून ऑइल बाहेर येऊ द्यावे आणि निपल पुन्हा घट्ट झाल्यावरच पेडल सोडावे. नळीतून ताजे आणि बुडबुडेविरहित ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवावे. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात साचलेल्या गंजामुळे आतील सील फाटू शकते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की ही भीती उरत नाही. टाकीतील पातळी मधूनमधून पाहत राहावे, कारण टाकी रिकामी होऊन एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅनर जोडावा लागतो. रंगावर सांडलेले ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवावे, अन्यथा रंग उचलला जातो.

पॅड आणि डिस्क

कंपनीतून आलेले पॅड थंडीत, पावसात आणि सिग्नलवर पहिल्या स्पर्शाला पकडण्यासाठी बनवलेले असतात. ट्रॅकवरच्या सततच्या उष्णतेत त्यांची पकड ढिली पडते. याच्या दुसऱ्या टोकाला रेसचे पॅड असतात, जे तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, कर्कश आवाज करतात आणि डिस्क झिजवतात. पहाटे थंड ब्रेक घेऊन समृद्धी महामार्गावर निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत ते असू नयेत. नाशिकहून स्वतः गाडी चालवत जाणाऱ्याने या दोन टोकांच्या मधले पॅड घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. फेरोडो डीएस२५०० हे या मधल्या वर्गातील परिचित उदाहरण आहे. दुसरा मार्ग म्हणजे रस्त्याचे पॅड लावून जायचे, ट्रॅकवर ते बदलायचे आणि परतताना पुन्हा पूर्वीचे बसवायचे. हा मार्ग अनुभवी हातांसाठी ठीक आहे, पण वेगळ्या मिश्रणाचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून वापरले की काही वेळा पकड असमान होते आणि थरथर जाणवते.

पॅडचे घर्षणद्रव्य नवे असताना बहुधा दहा-बारा मिलिमीटर जाड असते. रस्त्यावर तीन मिलिमीटर उरेपर्यंत काम भागते, ट्रॅकवर मात्र सहा मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास जाऊच नये. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती कॅलिपरमधील, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनमार्गे थेट ऑइलपर्यंत जाते. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून स्वच्छ कराव्यात, त्यांना उच्च तापमानाचे सिलिकॉन ग्रीस लावावे आणि पिस्टनवरचे रबरी बूट फाटलेले नाहीत याची खात्री करावी. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे पिस्टन जोर लावून ढकलू नयेत. आधी सर्व्हिस मोड चालू करावा लागतो. कॅलिपर कधीही होजवर (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीवर) लोंबकळत ठेवू नये, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावा.

डिस्कच्या बाबतीत नाशिककरांची सोय मोठी आहे, कारण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा मायक्रोमीटर हाताळू शकणारा एखादा तरी ओळखीचा माणूस मिळतोच. डिस्कच्या मध्यभागी किंवा कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. घासलेल्या पट्ट्यावर चार-पाच ठिकाणी मोजून त्या आकड्याशी ताडून पाहावे आणि त्याच्या जवळ पोहोचलेली डिस्क लेथवर सपाट करून घेण्याऐवजी बदलावी. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला लोखंडच कमी उरते. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर लक्ष ठेवावे. रेषा कडेपर्यंत किंवा भोकापर्यंत पोहोचली असेल, तर ती डिस्क त्याच दिवशी बाद करावी. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, पण तडे बहुधा त्या भोकांपासूनच सुरू होतात, त्यामुळे ट्रॅकसाठी साध्या किंवा खाचा असलेल्या डिस्क घ्याव्यात. सहा पिस्टनचे मोठे कॅलिपर या टप्प्यावर आवश्यक नाहीत. स्टीलच्या जाळीचे होज मात्र, जुने रबरी होज बदलायचेच असतील तर, अवश्य घ्यावेत. त्यांनी पेडल अधिक ठाम लागते.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, म्हणजे नियंत्रित उष्णतेने पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढवावा लागतो. पद्धत पॅड बनवणाऱ्याने दिलेली असते. सर्वसाधारणपणे मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वाढत्या जोराने ब्रेक लावायचे आणि मग ब्रेक न वापरता गाडी चालवत थंड करायची, असा तिचा साचा असतो. हे काम मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा समृद्धीवर करू नये, कारण मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपल्या हेतूची कल्पना नसते. त्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. ट्रॅकवरचे पहिले सत्र याच कामासाठी राखून ठेवावे.

ट्रॅकवरचा दिवस आणि परतीचा प्रवास

निघण्यापूर्वी विमा पॉलिसी वाचावी. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादांखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी असेल तरच गाडी उतरवावी.

ट्रॅकवर पोहोचल्यावर गाडीतील मॅट, जॅक, बाटल्या बाहेर काढाव्यात, कारण पेडलखाली अडकलेली बाटली सगळी तयारी निष्फळ करते. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळावेत आणि प्रत्येक सत्रानंतर चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत. चालवताना ब्रेक सरळ रेषेत, एकदाच आणि ठामपणे लावावेत. भीतीपोटी लांबूनच हलका पाय ठेवून ब्रेक ओढत नेले, तर घर्षण अधिक वेळ चालते आणि वाऱ्याने डिस्क थंड होण्याचा काळ कमी होतो. सत्राची शेवटची फेरी जवळजवळ ब्रेक न वापरता पूर्ण करावी. पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेरच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेत) आल्यावर हँडब्रेक ओढू नये आणि पेडलवर पाय दाबून थांबूही नये, कारण तापलेले पॅड एकाच जागी दाबले गेले तर तेथे द्रव्याचा ठसा उमटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली अडण लावावे. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये ठेवली तर अनेक नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपोआप लागतो, म्हणून ती सोय आधीच बंद करून ठेवावी.

डिस्क किती तापतात हे कळून घ्यायचे असेल, तर तापमान दाखवणारा तीन रंगांचा रंग मिळतो. डिस्कच्या कडेवर त्याचे ठिपके लावले की हिरवा सुमारे ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. फक्त हिरवा बदलला असेल तर मधल्या वर्गातील पॅड पुरेसे आहेत. लालही बदलला असेल, तर पॅडचा वर्ग वाढवण्याचा किंवा डिस्ककडे हवा नेणारी नळी बसवण्याचा विचार करावा.

परतीच्या प्रवासाआधी चारही चाकांजवळ वाकून कॅलिपर आणि होजभोवती ओल आहे का ते पाहावे, इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे आणि ते हळूहळू खाली सरकत असेल तर गाडी चालवत नेऊ नये, गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवावा. पॅडमध्ये पाच मिलिमीटरपेक्षा कमी द्रव्य उरले असेल तर डिकीतील जादा संच तेथेच बसवावा. नाशिकला आल्यावर आठवडाभरात चारही कॅलिपरमधून थोडे थोडे ऑइल काढून हवा काढावी आणि पॅडची जाडी मोजून वहीत सत्रांच्या संख्येसह लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या ट्रॅक-डेला किती संच बरोबर न्यायचे आणि ते किती आधी मागवायचे हे याच नोंदीवरून ठरवता येते.