चेहऱ्याचं साधं रूटीन आणि पार्लरचं फेशियल

सकाळी फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि रात्री परत फेसवॉश नि मॉइश्चरायझर, एवढं रोज नीट केलं तरी पुष्कळ झालं. तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटत असतील तर फेसवॉश बदला. सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो तो बाटलीवरचा आकडा) ३० किंवा त्याच्या वरचं घ्या आणि २ बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढून तेवढं सगळं चेहऱ्याला नि मानेला लावा, हरभऱ्याएवढं लावून काही होत नाही, आणि उन्हात असाल तर दर २ तासांनी परत. लिंबू मात्र प्लीज चोळू नका, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

आता फेशियल. क्लिन्झिंग, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणं, मसाज, पॅक, साधारण तासाभराचं काम. चेहरा मऊ, टवटवीत दिसतो पण वांग त्याने जात नाही, त्याला स्किनचे डॉक्टरच लागतात. माझ्या बहिणीने हळदीच्या आदल्या दिवशी केलं आणि सकाळी दोन्ही गालांवर लाल पुरळ, इतकी रडली बिचारी, म्हणून लग्न असेल तर निदान आठवडाभर आधी करा. रेटिनॉल (सुरकुत्या-पिंपल्ससाठी लावतात ते, त्याने कातडी नाजूक होते) लावत असाल तर पार्लरवाल्या ताईंना बसायच्या आधीच सांगा, म्हणजे त्या स्क्रब जोरात घासणार नाहीत.