२०० कॅलरी ताटातून, ९० पायातून: वजन कमी करायला पहिल्यांदाच बसलेल्यांसाठी

वजन कमी करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर बूट येतात. मग जिमची वर्षभराची फी, मग सकाळी गरम पाण्यात लिंबू, आणि पंधरा दिवसांनी काटा जिथल्या तिथे. मेहनत कमी पडत नाही, हिशोब उलट्या बाजूने सुरू होतो. खाण्यातून कमी करणं सोपं आहे आणि घाम गाळून जाळणं फार महाग आहे, एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं नीट लागतं.

आधी एक सूचना. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अचानक खाणं कमी करून चालायला निघू नका, शुगर खाली जाऊन चक्कर येऊ शकते, डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, हार्टचा त्रास असेल, तरी तेच.

पहिलं काम: आपला आकडा काढा

शरीर नुसतं पडून राहिलं तरी काही कॅलरी खर्च होतातच, श्वास, हृदय, मेंदू, सगळं चालू ठेवायला. तो खर्च काढायचं एक सूत्र आहे, मिफ्लिन-सेंट जिओर म्हणतात, १९९० पासून वापरात आहे आणि घरबसल्या करण्यासारखं आहे. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा.

समजा ३४ वर्षांची बाई, उंची १५८, वजन ७२, दिवसभर ऑफिसात खुर्चीवर. ७२० अधिक ९८७ वजा १७० वजा १६१, म्हणजे साधारण १३७५. आता बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणायचं, आले १६५०. एवढ्या कॅलरी रोज खाल्ल्या तर वजन आहे तिथेच राहणार. थोडंफार चालणं-फिरणं असणाऱ्यांना १.३७५ ने गुणायला सांगतात पण माझं मत विचाराल तर नवख्याने १.२ च धरावं, कारण आपण किती हलतो याबद्दल आपला सगळ्यांचाच गैरसमज असतो.

हा आकडा अंदाजच आहे, शंभर-दीडशे इकडे तिकडे होतो. त्यावर अडून बसू नका, तीन आठवड्यांनी काटाच खरं काय ते सांगेल.

किती कमी करायचं

अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ३०० ची तूट ठेवली, म्हणजे खर्चापेक्षा तेवढ्या कमी पोटात गेल्या, तर महिन्याला ९०००, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास. ऐकायला फारच कमी वाटतं, मला माहितीये, व्हॉट्सॲपवर सात दिवसात पाच किलोवाले मेसेज फिरत असताना सव्वा किलोला कोण विचारतो. पण त्या पाचमध्ये बरंचसं पाणी असतं, भात-पोळी बंद केली की शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं, पुन्हा जेवायला लागलात की आठवड्यात परत. बाईने १२०० च्या खाली आणि पुरुषाने १५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये.

आता आपल्या १६५० वालीचं गणित. ३०० पैकी २०० ताटातून काढू आणि ९० चालण्यातून, राहिलेल्या दहाचा हिशोब मागू नका. म्हणजे खायचं १४५०.

तेलाचा डबा मोजा

इथे जरा थांबतो कारण खरी गंमत इथेच आहे.

कॅलरी मोजायची म्हटलं की लोक पोळ्या मोजतात. दोनच्या ऐवजी दीड, भात बंद. आणि भाजी मात्र तेलात पोहत असते. एक ग्रॅम साखर किंवा पिठातला स्टार्च म्हणजे ४ कॅलरी, डाळीतलं प्रोटीनही ४, पण एक ग्रॅम तेल म्हणजे ९. चहाचा एक छोटा चमचा तेल ४० कॅलरी, पोह्याचा मोठा चमचा भरून घेतलात तर १२०, म्हणजे एका पोळीपेक्षा जास्त.

आपल्या घरचं खरं तेल किती ते कळायला रोज मोजत बसायची गरज नाही. महिन्याचं वाणसामान आठवा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक कॅन संपतो असं धरा. लिटरला साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे ४५५० ग्रॅम, गुणिले ९, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. येतात ३४० कॅलरी, दर माणशी, दर दिवशी, फक्त तेलाच्या. तूप वेगळं, शेंगदाण्याचं कूट वेगळं, बाहेरचा वडापाव वेगळा. आता तोच कॅन तीन लिटरवर आणला तर माणशी २०५ होतात. १३५ कॅलरी गेल्या आणि ताटातला एक घास कमी झाला नाही. २०० पैकी निम्म्याहून जास्त काम इथेच झालं.

करायचं कसं, तर कढईत बाटलीने धार धरायची नाही. फोडणीला चमचा, चार माणसांच्या भाजीला चार छोटे चमचे, बस. वांगं आणि भेंडी जरा कुरकुर करतात, झाकण ठेवून पाण्याचा हबका मारला की शिजतात. तळण बंदच करा असं म्हणत नाही, पण तळून उरलेलं तेल संपवायचं म्हणून आठवडाभर फोडणीला वापरणं हे आपल्या घराघरातलं प्रकरण आहे, तिथे हात मोकळा सुटतो. आणि स्वयंपाक घरात दुसरं कोणी करत असेल, आई किंवा सासूबाई, तर ‘तेल कमी घाला’ असं सांगून काही होत नाही, त्यांच्या मते ते कमीच असतं. त्यापेक्षा सरळ महिन्याच्या यादीत तेलच कमी लिहा.

मग पोळी, वाटी आणि काटा

दोन-चारशे रुपयांत छोटा वजनकाटा मिळतो, तो घ्या, आयुष्यभर वापरायचा नाही, दोन आठवडे डोळ्याला सवय लागेपर्यंत. कणकेचा गोळा काट्यावर ठेवा. ५० ग्रॅमचा गोळा म्हणजे आत साधारण ३० ग्रॅम पीठ, १०० ते १०५ कॅलरी, वरून तेल लावलं तर त्याचे वेगळे. काही घरात गोळाच ८० ग्रॅमचा निघतो, मग ‘मी दोनच पोळ्या खाते’ म्हणणारी तीनहून जास्त खात असते. ज्वारीच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागलं तर २०० च्या पुढे, त्यामुळे पोळी सोडून भाकरी खाल्ली म्हणून आपोआप वजन उतरतं असं नाही, भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हा फायदा खरा.

कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये ‘एक वाटी’ लिहिलेलं असतं ती वाटी कुणाची देव जाणे. घरची वाटी पाण्याने भरून किती मिली बसतं ते एकदा बघून घ्या. तांदूळ, डाळ, साबुदाणा कच्चेच मोजा, शिजल्यावर पाणी पिऊन फुगतात आणि आकडा फसवतो. कच्च्या तांदळाला १०० ग्रॅममागे ३५० कॅलरी.

उपवासाचंही इथेच सांगून टाकतो. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काट्यावर तंतोतंत खरी ठरते. साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप तीन छोटे चमचे, एक बटाटा, झाली ६०० च्या घरात एक प्लेट खिचडी. उपवास धरायचा असेल तर धरा, पण तो वजन कमी करायच्या खात्यात लिहू नका.

१४५० चा एक दिवस

सकाळी कमी साखरेचा चहा, ६०. चाळीस ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, एक चमचा तेल आणि थोडे दाणे, २४०. दुपारच्या डब्यात दोन बिनतेलाच्या पोळ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक, सगळे मिळून ४३०. चार वाजता चहा आणि एक पेरू किंवा सफरचंद, १४०. रात्री एक भाकरी, पिठलं, पालेभाजी, वाटीभर दही, ४९०. बेरीज १३६०.

पोट भरतं यात, पण प्रोटीन ४५ ग्रॅमच्याच आसपास येतं आणि आपल्या ७२ किलोवालीला ६० तरी हवं, नाहीतर चरबीबरोबर मांसही उतरतं. म्हणून भाजीत २५ ग्रॅम सोया चंक्स टाका, ८५ कॅलरीत १३ ग्रॅम मिळतात, झाले १४४५. अंडी खात असाल तर एका अंड्यात ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम, चहाबरोबरच्या चार बिस्किटांच्या जागी दोन उकडलेली अंडी हा व्यवहार कधीही फायद्याचा.

लग्न, बारसं, ऑफिसची पार्टी असेल त्या दिवशी मोजू नका. खा. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई पण करू नका, त्यातूनच रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो.

आता व्यायाम

७२ किलोचं माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चाललं तर १२५ कॅलरी जातात, त्यातल्या ३५ तर नुसतं बसून पण गेल्याच असत्या, म्हणजे जास्तीच्या ९०. वडापाव ३०० चा धरला तर तो उतरवायला दीड तासाच्याही वर चालायचं. म्हणून ‘आज चाललोय ना, मग एक खाऊ’ हे वाक्य फार महागात पडतं. मनगटावरच्या घड्याळाने ४०० जाळल्या म्हटलं तरी विश्वास ठेवू नका, २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये अशी सात घड्याळं तपासली तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर सांगितले पण कॅलरीत सगळ्यात बरं असलेलंसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं. स्टेप्स बघायला घड्याळ ठीक, कॅलरीसाठी नाही.

मग व्यायाम करायचा कशाला? कारण खाणं कमी करून नुसतं बसून राहिलात तर मांस जातं, ताकद जाते. शिवाय चालण्याने शुगर, बीपी, झोप सुधारते ती वजन उतरो न उतरो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

पहिले दोन आठवडे फक्त चाला, १५-२० मिनिटं, असं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जेवणानंतर शतपावली वेगळी. मग अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस. मुंबई-पुण्यात पावसाळ्यात चार महिने रस्त्यावर चालणं अवघड होतं, तेव्हा बिल्डिंगचा जिना आहेच, गुडघे ठीक असतील तर.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचे. जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, तीनदा. भिंतीला हात लावून जोर, जमायला लागले की ओट्यावर हात ठेवून, मग जमिनीवर. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम, पण पहिल्याच दिवशी १०८ च्या नादी लागू नका. दुसऱ्या दिवशी अंग दुखणार, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो प्रकार थांबवा.

काटा कसा वाचायचा

सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. रोज बघितलंत तर रोजचा आकडा लिहा आणि आठवड्याची सरासरी काढा, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी ताडा. काल रात्री लोणचं-पापड झाला असेल तर आज एक किलो जास्त दिसेल, पाळीच्या दिवसांतही तसंच, ते पाणी आहे. टेपने पोटाचा घेर पंधरवड्याला एकदा मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात, आणि बऱ्याचदा काट्याआधी टेप हलते.

तीन आठवडे सरासरी ढिम्म हलली नाही तर कॅलरी कमी करायच्या आधी चार दिवस पुन्हा सगळं लिहा. मुलाच्या ताटातलं उरलेलं, भाजी चाखताना, ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, चहा चौथा, हे बहुतेक सापडतंच.

आणि पाच-सहा किलो उतरले की सूत्र पुन्हा लावा. आपली ७२ वाली ६६ वर आली की तिचे १६५० चे १५८० होतात, अंग हलकं झालं म्हणून खर्च पण कमी झाला. हा ७० चा फरक भरून काढायला नवीन डाएट नको, दोन कप चहातली एकेक चमचा साखर आणि आपल्या वाट्याच्या तेलातला एक छोटा चमचा काढला की झालं.