टॉवरच्या डोंगरावर निघण्याआधी: सोलापुरातून करायची तयारी

डोंगरावरच्या रेडिओ टॉवरचा ट्रान्समीटर (आवाज रेडिओ लहरींवर सोडणारं यंत्र) बसवायला किंवा दुरुस्त करायला निघायचं, तर आदल्या दिवशी पहिला फोन करायचा तो ट्रान्समीटरच्या खोलीची किल्ली सांभाळणाऱ्याला. "रस्ता बरा आहे का?" असं मोघम विचारलं तर "हो, या की" एवढंच उत्तर येतं, कारण येणाऱ्याला नको म्हणायची त्या वस्त्यांवर रीत नाही. नेमकं विचारायचं: तात्या, गाडी पार खोलीपाशी येते का खाली लावावी लागते? काल-परवा वळीव झाला का? लाइट कधी असते, कधी जाते? बार्शीकडून येडशी-येरमाळ्याच्या बालाघाटात जा, नाहीतर माळशिरस ओलांडून शिखर शिंगणापूरच्या बाजूला, जिथे कच्चा रस्ता काळ्या मातीतून जातो तिथे एका सरीत गाडी रुतते. मग सामान डोक्यावरून न्यावं लागतं. म्हणून सगळं दोन माणसांना उचलता येईल अशा पेट्यांतच भरायचं.

टॉवर वनहद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वायरलेस परवान्याची आणि अँटेनाच्या जागेच्या मंजुरीची झेरॉक्स गाडीतच ठेवावी.

आता खरं काम, आणि ते सोलापुरातच करायचं. ट्रान्समीटर टेबलावर घ्यायचा, मागे 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पिऊन घेणारा भार) लावायचा आणि पूर्ण पॉवरवर चार-सहा तास चालू ठेवायचा. उन्हाळ्यात खोली 42 अंशांवर तापलेली असताना चालवला तर उत्तमच, कारण वरच्या पत्र्याच्या खोलीत याहून बरी परिस्थिती नसते. पंखा अडखळतो का, पॉवर हळूहळू उतरते का, हे इथेच कळतं. प्री-एम्फसिस (आवाजातले बारीक, चिरके सूर सोडण्याआधी किती उचलायचे ती मांडणी) 50 मायक्रोसेकंदांवर आहे ना, तेही बघायचं. बाहेरून आलेले काही सेट 75 वर लावलेले असतात आणि मग निवेदिकेचा प्रत्येक 'स' कानाला टोचतो. डेव्हिएशन (आवाजामुळे लहरीची वारंवारता किती सरकते ते) 75 किलोहर्ट्झच्या वर जाऊ द्यायचं नाही.

केबलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा. सामुदायिक रेडिओला अँटेना जमिनीपासून 30 मीटरपर्यंतच उंच नेता येते, म्हणजे फीडरही (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल) साधारण तेवढाच. एवढ्या लांबीला आरजी-213 जातीची केबल वापरली तर 100 मेगाहर्ट्झला जवळपास 2 डीबी (डेसिबल) वाटेतच जातात. ट्रान्समीटरने 100 वॅट सोडले तर अँटेनाला पोचतात साठ-पासष्ट. तिथेच अर्धा इंची फोम केबल टाकली तर पंच्याऐंशीच्या आसपास पोचतात. दरीतल्या शेवटच्या वाडीला आवाज स्वच्छ ऐकू येणार की खरखरत, ते पुष्कळदा इथेच ठरतं. केबलवर पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कनेक्टर इथेच लावून, मीटरवर तपासून न्यायचे. वाऱ्यात, टॉवरला लटकून सोल्डरिंग नीट होत नाही. जादा कनेक्टर, स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, तिच्यावर गुंडाळायला साधी काळी चिकटपट्टी आणि उन्हात न तडकणाऱ्या केबल टाय घ्याव्यात. केबल खोलीत घेण्याआधी खाली झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

न्यायच्या सगळ्या मीटरांत, अँटेनाकडून परत येणारी पॉवर मोजणारा मीटर सगळ्यात मोलाचा. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 1.5 असेल तर 4 टक्के पॉवर परत येते, ते चालतं. 2 झाला की 11 टक्के येते, आणि तेव्हा कारण सापडेपर्यंत ट्रान्समीटर पूर्ण पॉवरवर ठेवायचा नाही.

विजेचं गणित घरीच मांडावं. शेतीपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि सगळे बंद झाले की चढतं, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॅट-तास, पण तिचं आयुष्य राखायचं तर निम्मेच वापरायचे. 250 वॅटच्या भाराला तीन-साडेतीन तास मिळतात. संध्याकाळचे बाजारभाव आणि हवामान तेवढ्यात बसायला हवं. अर्थिंग तपासायला टेस्टर न्यायचा. डोंगरावर खाली खडक असतो, एक सळई ठोकून भागत नाही. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन ते तांब्याच्या पट्टीने जोडावे लागतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर टॉवरवर चढायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवावं, पण वर रेंज नसली तर कान उघडे ठेवावेत: गडगडाट ऐकू आला की लगेच खाली. चढण्याआधी ट्रान्समीटर बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात. पूर्ण हार्नेस आणि खाली एक माणूस, याला अपवाद नाही. दुर्बीणही न्यावी, कारण टॉवरवर आग्यामोहोळ असू शकतं. ते दिसलं तर त्या दिवशी चढणं रद्द, मग ऑफिसमधून कुणीही काही म्हणो. दगडांत फुरसं असतं, म्हणून घोट्यावरचे बूट घालायचे आणि सर्पदंशावरची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते ते आधी विचारून ठेवायचं.

चैत्रात शिंगणापूरची यात्रा असते. मुंगी घाटातून कावडी वर चढतात आणि तिथून थेट प्रक्षेपण असेल तर मोबाइल डेटावर विसंबू नये. रिकाम्या दिवशी चाचणीत मिळालेला वेग गर्दीत मिळत नाही, टॉवर तोच आणि फोन हजारो. आपली मायक्रोवेव्ह लिंक (समोरासमोरच्या दोन अँटेनांमधली बिनतारी जोडणी) किंवा उपग्रहाची गाडी हवी, आणि लिंकची जागा यात्रेआधीच जाऊन पाहायची, कारण ऐन यात्रेत तुमच्या अँटेनासमोर मांडव उभा राहू शकतो.

खाण्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि भरपूर पाणी. रात्री थांबायची वेळ आली तर एक सोलापुरी चादर पुरते.

एक कोरी वही आणि स्केचपेन विसरू नये. काम झालं की जाणारी पॉवर, परतणारी पॉवर, लाइटचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज हे चार आकडे मराठीत लिहून भिंतीवर चिकटवायचे, आणि किल्लीवाल्या तात्यांना किंवा वस्तीवरच्या एखाद्या ताईंना ते मीटरवर कुठे दिसतात ते दाखवायचं. दोनदा त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचं. पुढच्या वेळी आवाज बंद पडला की हे चार आकडे त्या फोनवर सांगतील, आणि कोणता भाग पेटीत भरायचा ते सोलापुरातच ठरेल.