थंडीत फुलणारी देशी झुडपं: लावायची पावसात, छाटायची फाल्गुनात

नोव्हेंबरमध्ये नर्सरीत गेलं की पिटुनिया आणि पॉइन्सेटियाच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या वाटांवर कोरांटी आणि दशमुळी फुललेली असते, आणि पौष-माघात धायटीच्या फांद्या लालभडक होतात. तिकडे त्यांना कोणी खत घालत नाही की पाणी देत नाही. ही झुडपं घरच्या अंगणात, सोसायटीच्या कुंपणालगत, काही तर गॅलरीतल्या कुंडीतही छान येतात. फक्त थंडीत फुलं हवी असतील तर सगळं काम थंडीच्या आधी उरकावं लागतं.

कोणतं झाड, कुठे?

पहिल्यांदाच लावत असाल तर डोळे झाकून कोरांटी घ्या. जांभळी, पांढरी आणि गुलाबी कोरांटी एकाच जातीची. तिला खोडावर काटे नसतात, पण फुलाखालची हिरवी पाती दातेरी असते आणि खुडताना बोटांना टोचते. पिवळी कोरांटी, म्हणजे वज्रदंती, ही वेगळी. तिच्या पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, म्हणून ती कुंपणाला उत्तम आणि मुलं खेळतात तिथे नको. दोन्ही साधारण तीन-चार फूट वाढतात. अर्धा दिवस तरी ऊन हवं.

सावलीचा कोपरा असेल, आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला, तर तिथे दशमुळी लावा. ती मुळातच जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढते. निळी-जांभळी फुलं, त्यांच्या खाली पांढरट आणि हिरव्या शिरांच्या पात्यांचं कणीस. फूल जुनं होताना लालसर होतं, त्यामुळे एकाच कणसावर दोन रंग दिसतात. हे झुडूप इतकं देखणं असूनही नर्सरीवाले ते ठेवत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कुंद थोडा वेलासारखा पसरतो, त्याला काठीचा किंवा जाळीचा आधार द्या. अडुळसा कुंपणासाठी पक्का: शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि डिसेंबरपासून पांढऱ्या फुलांवर काळे भुंगे घोंघावू लागतात. चित्रकाची पांढरी फुलंही थंडीतलीच, पण त्याच्या मुळांचा रस कातडीला लागला तर फोड येतात; कुंडी बदलताना हातमोजे घाला. धायटी मात्र ज्यांच्याकडे जागा आणि सबुरी आहे त्यांनीच लावावी. ती डोंगरउताराची, मुरमाड जमिनीची. कुंडीत ठेवून तिचे हाल करू नका. मोकळ्या जागेत वाढली तर जानेवारीनंतर शिंजीर पक्षी तिच्यावरून हटत नाहीत.

रोप कुठून आणायचं?

जंगलातून उपटून नव्हे. अभयारण्यात तो गुन्हा आहेच, शिवाय मोठं झुडूप मुळासकट आणलं तरी बहुतेकदा जगत नाही. कोणाच्या तरी परसात कोरांटी, अडुळसा किंवा कुंद असतोच. फांद्या मागून आणा.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की छाट कलमं लावायला घ्या. फांदी पेन्सिलीच्या जाडीची, अर्धवट जून झालेली. कोवळा हिरवा शेंडा कुजतो आणि जुनं लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं. पाच-सहा इंचांचा तुकडा घ्या आणि खालचा काप डोळ्याच्या (फांदीवर पान फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली द्या. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा. ती मोठी असतील तर अर्धी कापा. निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील असं खोचा आणि आडोशाला ठेवा.

आठ-दहा दिवसांत नवी पालवी दिसते आणि माणूस खूश होतो. ती पालवी फांदीतल्याच साठ्यावर आलेली असते, मुळं फुटलेली असतातच असं नाही. तुकडा उपटून बघायचा मोह आवरा. पानांची दुसरी-तिसरी जोडी आली आणि हलकेच ओढल्यावर माती धरून राहिलं, की मुळं आली असं समजा. साधारण महिना लागतो.

कुंदाला याहून सोपी युक्ती आहे. जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा. पावसाळा संपेपर्यंत तिथे मुळं धरतात, मग आईपासून तोडून घ्या.

जमिनीत किंवा कुंडीत

फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि तितकाच मुरूम मिसळा. काळ्या मातीत मुरूम अजिबात चुकवू नका, कारण पाणी साचलं की कोरांटीची पानं पिवळी पडून गळतात. कोकणात जांभ्यावर निचरा चांगला असतो, पण पाऊस धो-धो. तिथे रोप वरंब्यावर लावा. कुंपण करायचं तर दोन रोपांत दोन फूट ठेवा. कुंडी असेल तर बारा इंचांची, तळाला भोकं मोकळी असलेली.

कातरी कधी ठेवून द्यायची

"कोरांटी लावली पण फुलतच नाही" ही तक्रार खूप ऐकू येते, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं. दिवाळीआधी साफसफाई निघते, माळी येतो आणि कुंपण सरळ रेषेत भादरून जातो. या झुडपांच्या कळ्या पावसाळ्यात वाढलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांना आणि वरच्या पानांच्या बगलेत धरतात. कातरी नेमकी तिथेच चालते. झाड हिरवंगार, नीटनेटकं दिसतं आणि फुलं कचऱ्याच्या ढिगात जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. रोप आठ इंच झालं की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या चार-पाच इंच झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. जितक्या फांद्या तितके शेंडे, तितकी फुलं. शेवटची खुडणी गणपतीआधी. त्यानंतर वाळकी फांदी सोडून कशालाही हात लावायचा नाही, सोसायटीची मीटिंग काहीही म्हणो. माळ्याला आधीच सांगून ठेवा.

शेणखतही याच बेताने: एकदा जूनमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये मूठभर. सप्टेंबरनंतर युरियासारखी नत्राची खतं दिलीत तर नुसता पाला माजतो.

ऑक्टोबरचं पाणी

कळ्या धरायच्या वेळीच पाऊस थांबतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. या महिन्यात झाड कोरडं पडू देऊ नका. जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या. कुंडीत बोट घालून बघा, वरचा इंचभर थर सुकला असेल तरच पाणी घाला. बुंध्याशी वाळक्या पानांचा थर अंथरा. डिसेंबरमध्ये पाणी कमी केलं तरी चालतं.

शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. कोरांटीच्या पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या तर मात्र फवारू नका. त्या बहुधा पॅन्सी किंवा एगफ्लाय फुलपाखरांच्या असतात. चार पानं खातील, झाडाला काही होत नाही. चित्रकाच्या कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर तिथेही फुलपाखरूच आहे, झेब्रा ब्लू.

बहर संपल्यावर

फाल्गुनात, फुलं संपली की, मनसोक्त छाटा: कोरांटी आणि अडुळसा निम्म्यापर्यंत, कुंदाच्या जुन्या फांद्या बुडापासून. दशमुळीची फक्त वाळलेली कणसं काढा. धायटी तेव्हा फुलत असते, तिला बहर ओसरल्यावर हात लावा.

कोरांटीचं बी हवं असेल तर छाटणीआधी गोळा करा. बोंडं पिकून तपकिरी झाली की उन्हात तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून फांदीवर आधीच पातळ फडकं सैल बांधा. हे चपटं बी पेरण्यापूर्वी भिजत घालू नका. त्यावर दडपून बसलेली लव असते. पाणी लागताच ती फुलून चिकट होते आणि बिया एकमेकींना आणि बोटांना चिकटतात. कोरडंच बी जूनमध्ये मातीवर पसरा, वर जेमतेम झाकेल इतकी बारीक माती चाळा आणि झारीने हलकं पाणी द्या.