ब्रेकमधली हवा निघेना? हाताने बांधलेल्या गाडीत या चुका टाळा

डिसेंबरात, गड्ड्याच्या यात्रेची तयारी सुरू असताना, सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये इंजिनिअरिंगची चार पोरं टेम्पोत घालून एक बगी, म्हणजे स्वतः बांधलेली छोटी ऑफ-रोड गाडी, घेऊन आली. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या अशा गाड्यांच्या बाजा स्पर्धेसाठी त्यांना मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला जायचं होतं. तिथं ब्रेक टेस्टला चारही चाकं एकाच वेळी लॉक व्हावी लागतात, त्याशिवाय गाडी पुढं सोडत नाहीत. दोन दिवसांत पोरांनी ब्रेक ऑइलच्या चार बाटल्या संपवल्या होत्या. पेडल पहिल्या दाबाला थेट खाली जायचं, भराभर तीन-चारदा मारलं की वर यायचं आणि पाच मिनिटं सोडलं की पुन्हा मऊ.

"दादा, अजून एकदा एअर काढू का?" एकाने विचारलं.

"बाटली खाली ठेव. आधी कॅलिपरचं निप्पल कुठं आहे ते दाखव."

कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडने पकडणारा भाग आणि निप्पल म्हणजे त्यावरचा, हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू. निप्पल खालच्या बाजूला होतं, दोन्ही चाकांना. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट दोन्हीकडे सारखेच लागतात, त्यामुळे बसवताना काहीच अडत नाही. पण कॅलिपरच्या आत वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा बसलेला आणि बाहेर पडायची वाट मात्र तळाशी. चार काय, चाळीस बाटल्या ओतल्या असत्या तरी ऑइल त्या फुग्याच्या खालून वाहत राहिलं असतं. कॅलिपरची अदलाबदल केली आणि अर्ध्या तासात पेडल दगडासारखं झालं.

ही चूक मी स्वतःच्या पहिल्या गाडीतही केली होती, म्हणून माझा हात आधी तिकडे जातो. कंपनीच्या गाडीत पाइप कुठून जाणार, निप्पल कुठं येणार, हवा कुठं अडकू शकते, हे सगळं कुणीतरी आधीच बसून ठरवलेलं असतं. किट कारमध्ये (सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी) किंवा मारुती ८०० चे भाग घेऊन आपण बांधलेल्या गाडीत ते आपण ठरवतो, बरेचदा न कळत. म्हणून तीनदा नीट ब्लीड करूनही, म्हणजे एअर काढूनही, पेडल मऊ राहिलं तर चौथ्यांदा करू नका. हवा वर जाते, एवढं डोक्यात ठेवून ब्रेक ऑइलच्या टाकीपासून चाकापर्यंत पाइपवरून बोट फिरवा आणि ती कुठं कुठं बसू शकेल ते शोधा.

थोड्याशा हवेने एवढा फरक कसा पडतो, याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर पिस्टनने ऑइलवर दाब आणणारं नळकांडं. त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण २८५ चौरस मिमी येतं. लाइनमध्ये फक्त १ सीसी हवा असेल तर ब्रेकच्या दाबाखाली ती जवळजवळ पूर्ण दबते, आणि ती दाबायला पिस्टन साडेतीन मिमी जास्त सरकवावा लागतो. पेडलचं प्रमाण ५ ला १ असेल तर पायाखाली तेच साडेसतरा मिमी होतात. इंजेक्शनच्या छोट्या सिरिंजमध्ये मावेल एवढ्या हवेने पेडल पाऊण इंचाच्या आसपास खाली जातं.

मास्टर सिलिंडर तिरका आणि कोरडाच बसवणे

घरी बांधलेल्या गाडीत पेडल बॉक्स, म्हणजे पेडलची चौकट, जिथं जागा मिळेल तिथं बसतो. मास्टर सिलिंडरचं तोंड जरा वर राहिलं की पुढच्या बंद टोकाशी हवा साठते. टाकीकडे जायचं छिद्र मागे असल्यामुळे ती हवा तिकडे जात नाही आणि चाकाच्या निप्पलमधूनही निघत नाही. नवा सिलिंडर गाडीत लावायच्या आधी व्हाइसमध्ये आडवा धरा. आउटलेटला छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि मागून पिस्टन सावकाश दाबत राहा. बुडबुडे पूर्ण थांबले की मगच गाडीत लावा. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि ती वाचवू नयेत.

सिलिंडर आधीच बसवला असेल आणि तोंड वर असेल, तर गाडीची मागची बाजू जॅकने चांगली उचला आणि स्टँडवर ठेवा. सिलिंडरचं तोंड खाली आलं की पेडल जेमतेम बोटभर दाबायचं आणि सोडायचं. टाकीचं झाकण उघडं ठेवून बघा, एकेक बुडबुडा वर येताना दिसतो.

पुशरॉडला सैलपणा न ठेवणे

ही चूक फार जणांच्या लक्षात येत नाही. पेडल सुटलेलं असताना पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिमीची मोकळीक हवी. पेडल लवकर लागावं म्हणून आपण रॉड लांब करत जातो. मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि लाइनमध्ये नवं ऑइल उतरतच नाही. खाली निप्पल उघडून बसलेला माणूस मात्र एअर काढतोय असंच समजत असतो.

हे ओळखायचं कसं? टाकीचं झाकण काढा, आत टॉर्च मारा आणि कुणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा. छिद्र मोकळं असेल तर पहिल्या दाबाला ऑइलच्या पृष्ठभागावर एक बारीक कारंजं उठतं. ते दिसलं नाही तर रॉड अर्धा-अर्धा आटा मागे घेत चला. चेहरा टाकीवर आणू नका, ऑइल डोळ्यांत जातं.

पाइपला उंटासारखा कुबड ठेवणे

माझ्या गाडीत मागच्या ब्रेकचा पाइप चेसिसच्या आडव्या नळीवरून नेला होता. दिसायला सुबक, क्लिप ओळीत. पण त्या कुबडात हवा जाऊन बसायची आणि सावकाश दाबलेल्या पेडलने ऑइल तिच्या खालून निघून जायचं. पाइप शक्यतो एकाच दिशेने चढता किंवा एकाच दिशेने उतरता ठेवा. उंचवटा टाळता येत नसेल तर नेमक्या त्याच ठिकाणी टी लावून एक निप्पल बसवा. बनवलेला पाइप बदलायचा नसेल तर मागची बाजू जॅकवर घेऊन तो कुबड उताराचा भाग होतोय का बघा. अशा ठिकाणी टाकीवर दाब देऊन, साधारण एक बारपर्यंत, सलग प्रवाहाने ब्लीड केलेलं पायाने मारण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणखी एक. पेडल फ्लोअरवर आणि मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर गाडी उभी असताना ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि सकाळचं पहिलं पेडल पोकळ जातं. याला लाइनमध्ये थोडासा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल प्रेशर व्हॉल्व्ह लागतो. डिस्कसाठी २ पीएसआयचा आणि ड्रमसाठी १० चा. ड्रमचा व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनला लावला तर पॅड घासत राहतील.

एअर काढतानाच्या घाईच्या चुका

मला हे काम एका मिस्त्रीमामांनी शिकवलं. ते निप्पलपाशी बसायचे, मी सीटवर. "दाब... धर." पाना फिरायचा, पारदर्शक नळीतून ऑइल सरकायचं, पाना बंद. "सोड." निप्पल बंद झाल्याशिवाय सोड म्हणायचे नाहीत आणि सोड म्हटल्याशिवाय मी पाय उचलायचा नाही. या एका शिस्तीत निम्मं काम आहे. पाय आधी उचलला तर त्याच निप्पलमधून हवा आत ओढली जाते. मामा आणखी एक सांगायचे, "लेका, पेडल मारू नको, दाब." भराभर मारलं की ऑइल फेसाळतं आणि मोठ्या फुग्याचे हजार बारीक बुडबुडे होतात. ते वर यायला मग रात्र जावी लागते.

नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. टाकीकडे एक डोळा हवाच. ती एकदा कोरडी पडली की मास्टरपासून पुन्हा सुरुवात. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका. जुना मास्टर सिलिंडर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पिस्टन रोज जिथं जात नाही तिथं बोअरमध्ये गंज धरलेला असतो आणि पेडल तळाला गेलं की रबर त्यावर कापलं जातं. निप्पलला रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात.

क्रम साधारण लांबच्या चाकापासून. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण ज्या गाडीचे भाग वापरलेत तिची ब्रेकलाइन तिरकी विभागलेली (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) असेल तर त्या गाडीचा क्रम पाळा.

पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगळे असे दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये पेडलचा जोर दोघांत वाटणारा बॅलन्स बार असेल, जसा त्या पोरांच्या बगीत होता, तर एका वेळी एकच निप्पल उघडू नका. एक बाजू पुढे पळते, दुसरी अडते, बार तिरका होऊन पेडल मध्येच थांबतं. पुढचं एक आणि मागचं एक असं जोडीने उघडा. तीन माणसं लागतात, पण काम होतं.

हवा आत येतेय कुठून?

काढलेली हवा दोन दिवसांनी परत येत असेल तर जोड बघा. फ्लेअर म्हणजे जोडात बसणारं पाइपचं फुलवलेलं टोक. त्याचे दोन प्रकार आपल्याकडे सर्रास मिसळतात: डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर. एकाच्या सीटवर दुसरा बसवला तर आवळताना बसल्यासारखा वाटतो, पण सील होत नाही. तसंच एम१० बाय १ चे आटे आणि ३/८ इंच २४ चे आटे. दोन-तीन फेरे हाताने फिरतात, पुढं जड जातात आणि माणूस पाना लावून जबरदस्ती करतो. तिथं थांबा. टेफ्लॉन टेप लावून गळती थांबवायला जाऊ नका, कारण इथं सील फ्लेअर करतो, आटे करत नाहीत. उलट टेपचा तुकडा आत गेला तर छिद्र बंद करेल. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्या. आणि एसीच्या कामाची तांब्याची नळी ब्रेकला वापरू नका, सततच्या हादऱ्यांनी तिला चीर पडते.

पेडल मऊ, पण हवा नाही

कित्येकदा हवेवर विनाकारण आळ येतो. मागे ड्रम असतील तर आधी लायनर ॲडजस्ट करा. लायनर आणि ड्रममध्ये अंतर जास्त असलं की पहिलं पेडल लांब जातं आणि दुसऱ्याला वर येतं, अगदी हवेसारखंच. पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टरचं रबर गेलेलं आहे किंवा कुठं तरी गळती आहे.

आणि पेडल बॉक्सचा पत्रा. एकाने जोरात दाबायचं आणि दुसऱ्याने बाहेरून मास्टर सिलिंडरकडे बघायचं. तो दाबासरशी पुढं सरकताना दिसला तर तुमचा ब्रेक शाबूत आहे, फायरवॉल, म्हणजे सिलिंडर ज्यावर बसलाय तो पुढचा पत्रा, वाकतोय. मागे जाड प्लेट देऊन तिरपा आधार वेल्ड करा. जुने रबरी होजही दाबाने फुगतात; दाबताना होज बोटांत धरला तर ते जाणवतं.

दोष नक्की कुठल्या चाकाकडे आहे ते शोधायला रबरी होज गुळगुळीत तोंडाच्या होज क्लॅम्पने दाबा. सगळे बंद केल्यावर पेडल टणक झालं तर मास्टर ठीक. मग एकेक सोडत जा. ज्याच्यामुळे पेडल खाली जातं, आजार त्या चाकाकडे. स्टीलच्या जाळीचे होज मात्र कधीच दाबू नका, आतली नळी मोडते. तिथं मास्टरच्या आउटलेटला प्लग लावून तपासा.

ऑइलची बाटली

डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० पर्यंत. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. पावसाळ्यात शेडमध्ये उघडी राहिलेली बाटली म्हणून टाकून द्या. तुळजापूरचा घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडलं आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक झालं, तर ती अडकलेली हवा नव्हती. ऑइलमधल्या पाण्याची वाफ होती. सगळं ऑइल बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ वेगळं, ते ३ आणि ४ च्या जातीचं आहे. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हे सगळं झालं की मी पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरतो. बूस्टर (इंजिनच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा भाग) असेल तर इंजिन चालू करून पुन्हा, त्या वेळी पेडल जरासं खाली जातं, ते बरोबर आहे. त्याच वेळी दुसरा माणूस प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरा कपटा लावून बघतो. ऑइलचा बारीक डाग कागदावर लगेच दिसतो. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. शेजारी कुणाला बसवायचं नाही. परत आल्यावर चाकं काढून सगळे जोड पुन्हा त्याच कागदाने बघतो, आणि निप्पलवर रबरी टोप्या चढवतो.