राउटर कमांड लाइनवरून कॉन्फिगर करताय? या चुका टाळा

पहिला नंबर ॲक्सेस लिस्टचा, म्हणजे कुठलं ट्रॅफिक सोडायचं आणि कुठलं अडवायचं याच्या यादीचा. आमच्या टीममधल्या एका पोराला लांबच्या साइटवरच्या सिस्को राउटरवर लिस्ट १०१ मधली एकच ओळ काढायची होती. पठ्ठ्याने ती ओळ कॉपी केली, पुढे नो (कमांड रद्द करायचा शब्द) लावलं आणि एंटर मारलं. नंबरवाल्या लिस्टमध्ये असं केलं की ओळ नाही, अख्खी लिस्ट उडते! पण लगेच काहीच बंद पडलं नाही, कारण इंटरफेसवर लावलेली लिस्टच नसेल तर राउटर सगळं ट्रॅफिक सोडून देतो. मग लिस्ट दाखवणारी शो कमांड मारल्यावर कळलं लिस्ट गायब आहे, घाईघाईने जुन्या ओळी परत टाकायला घेतल्या आणि पहिली परमिट (परवानगीची ओळ) टाकताच सेशन जागच्या जागी गोठलं. लिस्टमध्ये एक ओळ जरी आली तरी शेवटी न दिसणारं डिनाय, म्हणजे बाकी सगळं अडवणारी ओळ, असतंच ना, आणि त्याच्या एसएसएचला (लांबून केलेल्या लॉगिनला) परवानगी देणारी ओळ बरीच खाली होती. शेवटी तिकडे जो कोणी होता त्याला फोन करून राउटर बंद-चालू करायला लावला. नवीन काही सेव्ह झालं नव्हतं म्हणून जुनं कॉन्फिग परत आलं, नाहीतर गाडी काढून जावं लागलं असतं.

एक ओळ काढायची तर लिस्टच्या आत जाऊन सिक्वेन्स नंबरने (ओळीच्या क्रमांकाने) काढा, नो ३० वगैरे. आणि रिमोटवर असाल तर मी काय करतो सांगतो: आधी चालू कॉन्फिग सेव्ह, मग रीलोड इन १० (दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट, म्हणजे बाहेर अडकलात तरी जुनं कॉन्फिग परत), मगच बदल. सगळं नीट चाललं, दुसऱ्या विंडोतून नवीन लॉगिन होतंय बघितलं, की रीलोड कॅन्सल आणि त्यानंतर सेव्ह. मधेच राइट मेमरी (सेव्हची कमांड) मारायची नाही, हात कितीही शिवशिवले तरी, कारण मग रीलोड होऊन तेच बिघडलेलं कॉन्फिग वर येणार. नवीन पोरांना हे सगळं वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

याच्या उलटे लोक पण आहेत, जे सेव्ह करतच नाहीत. रनिंग (चालू) कॉन्फिग रॅममध्ये असतं, लाइट गेली की गेलं.

ॲक्सेस लिस्टमध्ये वाइल्डकार्ड मास्कच्या जागी सबनेट मास्क टाकणं तर रोजचंच. वाइल्डकार्ड मास्क म्हणजे पत्त्याचे कुठले आकडे जुळवायचे ते सांगणारा, सबनेट मास्कच्या बरोबर उलटा: ० म्हणजे जुळव, २५५ म्हणजे सोड. ०.०.०.२५५ ऐवजी २५५.२५५.२५५.० टाकलंत तर राउटर तक्रार करत नाही, पहिले तीन आकडे सोडून फक्त शेवटचा जुळवत बसतो, आणि तुम्ही तासभर केबल तपासताय.

इंटरफेसला आयपी दिला, नो शटडाउन (इंटरफेस चालू करणारी कमांड) विसरलात. यावर काय बोलणार.

कमांड चुकीची टाइप केली की राउटर तिला होस्टनेम समजून डीएनएसला (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेला) विचारत बसतो, त्यासाठी नो आयपी डोमेन लूकअप पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.

पासवर्ड रिकव्हरीनंतर कॉन्फिग रजिस्टर (सुरू होताना सेव्ह केलेलं कॉन्फिग वाचायचं की नाही ते ठरवणारी सेटिंग) २१४२ वरून परत २१०२ वर आणा, नाहीतर पुढच्या रीबूटला सेव्ह केलेलं सगळं असूनही राउटर कोरा उठेल.

डिबग ऑल, म्हणजे राउटरमधली प्रत्येक घडामोड स्क्रीनवर ओतणारी कमांड? चालू नेटवर्कवर? नको रे बाबा.