टोरांटोच्या बाल्कनीत गुलाब जगवताना

दसरा झाला की छाटणी, बुडात ओंजळभर शेणखत आणि दीड महिन्यात फूल. साताऱ्यात शाहूपुरीतल्या माझ्या गच्चीवर वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. लेकीनं टोरांटोत बाल्कनीत दोन गुलाब लावले तेव्हा फोनवरून मी तोच सल्ला ठोकून दिला. तिनंही ऐकला. कोवळे लाल फुटवे आले, त्यांचा फोटो आला, आणि आठवड्याभरात एका रात्री दव गोठलं. सकाळी फुटवे उकडलेल्या भाजीसारखे लोळत पडलेले. वसंतापर्यंत दोन्ही झाडांची सरपणाची काडी झाली होती.

चूक माझीच. आपल्याकडे गुलाब थंडीत फुलतो, तिकडे तो झोपतो. नेमक्या झोपायच्या वेळेला मी त्याला उठवलं.

तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी खत ऑगस्टच्या मध्यालाच थांबवावं. सप्टेंबरपासून सुकलेली फुलंही खुडू नयेत. फळं धरली की नवी फूट आपसूक मंदावते. छाटणी तर नाहीच, वाऱ्यानं हेलकावणारे लांब फाटे तेवढे आखूड करायचे. गळलेली पानं मात्र वेचून टाकायची, नाहीतर काळ्या ठिपक्यांचा रोग तिथंच मुक्काम करतो.

कुंडीतल्या झाडाचे हाल जमिनीतल्यापेक्षा जास्त. जमिनीत मुळांना खालून ऊब मिळते, कुंडीला चारी बाजूंनी गारठा. मातीची कुंडी तर आतलं पाणी गोठून फुगलं की तडकतेच. प्लास्टिकची किंवा लाकडी घ्या, आणि जरा मोठी.

गॅरेज असेल तर काम सोपं, पण ते हीटर नसलेलं हवं. उणे ५ ते अधिक ५ अंशांच्या मध्ये झाड निवांत राहतं. पानं गळून गेल्यावरच आत न्यायचं आणि महिन्यातून एकदा माती जेमतेम ओलसर होईल इतकंच पाणी. दिवाणखान्यात आणाल तर उबेनं फिकट, लांबुडके फुटवे येतात आणि मागोमाग लाल कोळी ही रस शोषणारी कीड.

लेकीकडे गॅरेज नाही. दुसऱ्या खेपेला तिनं कॅनडाच्या कृषी खात्यानं कडाक्यासाठीच तयार केलेल्या एक्सप्लोरर जातींतला एक गुलाब आणला. नोव्हेंबरात कुंडी भिंतीला टेकवली, खाली थर्माकोलचा तुकडा. बुंध्यावर कोरड्या मातीचा वीतभर ढीग. भोवती गोणपाट, आणि गोणपाट नि कुंडीच्या मधे कोरडा पाचोळा गच्च भरला. वरून प्लास्टिक घट्ट बांधायला निघाली होती, ते मी सोडायला लावलं. आत घाम सुटून फांद्या कुजतात. बाल्कनीला छप्पर असल्यानं बर्फाचं पाणी कुंडीत पडत नाही, म्हणून गोठलेली माती सैल झालेल्या दिवशी पेलाभर पाणी घालायचं, हेही ठरवलं.

एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, मेलंय गं हे." नखानं साल खरवडायला सांगितली. वर तपकिरी, तपकिरी, आणि मातीपासून चार बोटांवर हिरवी रेघ. तिथवर छाटायचं, पण फांदीवरचे डोळे, म्हणजे फुटव्यांचे कोंब, फुगू लागल्यावरच. मातीचा ढीगही हळूहळू काढायचा. आणि मेच्या मध्यापर्यंत रात्री गोठायची लक्षणं दिसली तर जुनी चादर टाकायची.

ती चादर शोधत होती, तेव्हा मी इकडे गच्चीवर माझ्या गुलाबांना उन्हासाठी हिरवी जाळी बांधत होते.